अंगठ्याशेजारची सही

जानेफळ, तालुका मेहकर
ता. १६ नोव्हेंबर १९३४

चिरंजीव निवृत्तीस,
मनकर्णाचा आशीर्वाद.

हे अक्षर कोणाचं म्हणून कागद उलटापालटा करू नकोस. माझंच आहे. कोणाकडून लिहवून घेतलेलं नाही. पंचवीस वर्षांत वहीतल्या नोंदींपलीकडे काही लिहिलं नाही म्हणून ओळी वर चढतात, तेवढं सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं. ते तू इथल्या शाळेतल्या मास्तरांच्या नावानं पाठवलंस आणि वर लिहिलंस, 'माझ्या भगिनीस वाचून दाखवावे.' मास्तर बिचारे भर उन्हात आले. मी त्यांना गूळपाणी दिलं, हातातून पत्र घेतलं आणि उभ्या उभ्या वाचून काढलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "पण तुमचे बंधू तर..." एवढं म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

भाऊबीजेला मी आले नाही, ओवाळणीचा निरोपही पाठवला नाही, त्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहिलंस ते एवढंच, की माझ्याकडच्या न मरणाऱ्या पऱ्हाटीची, तुझ्या शास्त्रातल्या कपाशीची, दोन पोती सरकी संक्रांतीच्या आत अकोल्याला तुमच्या बियाणे मंडळीत पोहोचली पाहिजे, तू साहेबांना तसा शब्द देऊन बसला आहेस.

सरकी मिळणार नाही. का, ते लिहिते.

सोनाळ्याला आपल्या चुलीपुढे मी राख पसरायची आणि तुझं बोट धरून तिच्यात अक्षरं काढायची, हे तुला आठवतं का? तू पाच वर्षांचा होतास. मास्तरांच्या छडीचं नाव काढलं की खाटेखाली जाऊन बसायचास. मी त्या साली तिसरी पास झाले, पोरं धरून सगळ्या शाळेत पहिली. त्याच साली माझं लग्न ठरलं आणि बाबांनी माझी पाटी तुझ्या हातात दिली. तुझ्याकडून फुटेल म्हणून मीच तिला फडकं गुंडाळून दिलं होतं. पुढे तू खामगावच्या हायस्कुलात गेलास, नागपूरच्या शेतकी कॉलेजात गेलास. पदवी घेऊन आलास तेव्हा मी जानेफळात घरोघर साखर वाटली. शाळेनं मला तीन वर्षं दिली आणि तुला सोळा, पण तुझा हेवा मी कधी केला नाही. आता राग आला आहे, तो वेगळ्या गोष्टीचा आहे.

गेल्या साली पेरणीच्या तोंडावर तू मंडळीचं बियाणं गाडी भरून घेऊन आलास. पारावर पोती सोडली, सगळं गाव जमलं. मी मूठभर सरकी हातावर घेऊन पाहिली. काही दाणे पांढऱ्या लवेचे, काही हिरवट, काही अगदीच उघडे काळे. मी म्हटलं, "निवृत्ती, हे जिनातलं हाय. चार गावची सरकी एक झाली याच्यात." जिनात सगळ्यांचा कापूस एकाच यंत्रातून जातो आणि खाली पडलेली सरकी कोणाचीच राहत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू सगळ्यांदेखत हसलास. "बाई, वेचनं येगळं अन् शेतकीचं शास्त्र येगळं. शाळेत न जाता हे समजत असतं, त मंडळीनं मले काऊन ठेवलं असतं?" लोकही हसले आणि बियाणं घेऊन गेले.

भाद्रपदात शिवारभर पऱ्हाटी जागच्या जागी सुकली. तू शिकलेला होतास म्हणूनच ही चूक तुझ्याकडून झाली, असं माझं मत आहे. पोत्यावर चिठ्ठी होती, तुला ती वाचता येत होती आणि तू ती वाचलीस. दाणा काही पाहिला नाहीस.

माझं नाल्याकाठचं वावर मात्र उभं होतं. तिथली सरकी आता तुला हवी आहे. ती मिळणार नाही. माझ्या भावजयीला, गीताबाईला, आशीर्वाद सांग.

तुझी बहीण,
मनकर्णा


जानेफळ
ता. १२ डिसेंबर १९३४

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

पाच पानी पत्र लिहिलंस. वेचणीचे दिवस आहेत, मला वाचायला तीन दुपारी लागल्या. चार पानं शिक्षणाचं महत्त्व सांगण्यात गेली. शिक्षणाशिवाय माणसाच्या हातून जे चांगलं होतं तो निव्वळ योगायोग, त्याला ज्ञान म्हणत नाहीत, असं तू लिहितोस. माझी पऱ्हाटी मरत नाही हाही योगायोगच म्हणे. सलग सात वर्षं होणाऱ्या योगायोगाला तुमच्या कॉलेजात काय म्हणतात, ते एकदा मास्तरांना विचारून कळव.

काय केलं ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. सात वर्षांमागे नाल्याकाठी मर लागली, पऱ्हाटी उभ्यानं सुकली. दोन एकरात कशीबशी वीस-बावीस झाडं उभी राहिली. सगळ्या बाया हळहळून पुढे गेल्या. मी सुकलेलं एक झाड उपटून बुडखा चिरला, आत काळी रेघ होती. उभ्या झाडाची फांदी चिरली, ती पांढरी स्वच्छ. मग जुन्या लुगड्याचा तांबडा काठ फाडून त्या वीस-बावीस झाडांना चिंध्या बांधल्या. आमच्याकडे वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करतात, वावरात दहीभात वाहतात, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी चिंधीच्या झाडांचं वेचलेलं ओटीत वेगळं घेतलं. पाटावर सळई फिरवून सरकी हातानं काढली. जिनाचं तोंड तिला दाखवलं नाही. राखेत कालवून गाडग्यात ठेवली आणि दुसऱ्या साली मुद्दाम त्याच मरक्या जागेत पेरली. त्यातली जी मेली ती मेली. उरलेल्यांना पुन्हा चिंध्या. असं सात वर्षं चाललं आहे. कोणत्या ओळीतली किती मेली, किती राहिली, बोंडं कशी होती, हे सगळं मी वहीत लिहीत आले. त्याला तिसरीपर्यंतचं शिक्षण पुरलं.

शाळा वाईट असं मी म्हणत नाही रे. लिहिता आलं नसतं तर पाचवी ओळ कोणती आणि सातवी कोणती, हे पुढच्या साली माझ्या लक्षात राहिलं नसतं. शाळेनं दिलं ते मी वापरलं, इतकंच म्हणते. तिनं जे दिलं नाही ते मी वावरातून घेतलं, तर त्याला योगायोग का म्हणायचं?

आता दुसरी गोष्ट. तुझे दाजी परवा मेहकरच्या बाजाराला गेले होते. तिथे तुमच्या मंडळीचा माणूस छापील कागद वाटत होता. त्यांनी एक घडी करून मुंडाशात खोचून आणला. मी वाचून दाखवला: 'मध्यप्रांत-वऱ्हाडातील शेतकरी बंधूंस सुवार्ता. पदवीधर तज्ज्ञाने स्वतः निवड करून तयार केलेले, मर न लागणारे बियाणे, निवृत्ती नंबर एक.' दाजींनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "तुहा भाऊ मोठा सायब झाला वो. सोताले नंबर बी देऊन टाकला त्यानं." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पोतं अजून माझ्या घरात आणि नाव तुझं अकोल्यात छापूनही झालं.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर मनात ठेवलेलंही लिहिते. गेल्या साली कार्तिकात तुझे साहेब माझं वावर पाहायला आले होते. तू बांधावर शाईची डबी काढलीस आणि एक कागद माझ्यापुढे धरलास. "बाई, इथं अंगठा लाव." तुझी समजूत अशी, की मला त्यातलं काही कळलं नाही. मला तो कागद पाठ आहे. 'मौजे जानेफळ येथील मनकर्णाबाई, निरक्षर, हिच्या शेतात मी स्वतः निवड करून हे बियाणे तयार केले. सदर बाईचा त्याच्याशी संबंध जागेपुरता.' मी ते वाचलं, निवृत्ती. निरक्षर हा शब्द दोनदा वाचला. वाचून अंगठा लावला.

का लावला ते सांगते. डबी उघडताना तू साहेबांकडे पाहत होतास. शाई तुझ्या बाहीवर सांडली होती. मी तिथे तोंड उघडलं असतं तर साहेबांनी तुला बांधावरूनच घरी पाठवलं असतं. मला खाटेखाली बसलेला पाच वर्षांचा पोर दिसला. माझं चुकलं. लेखणी मागायला हवी होती. वर्षभर मी त्या अंगठ्याची शाई घासते आहे, ती जात नाही, असं वाटत राहतं.

तर आता माझं म्हणणं ऐक. दोन पोती सरकी भरून ठेवली आहे. तू स्वतः ये. नवा कागद लिही. त्यावर 'हे बियाणे मनकर्णा उकंडराव, इयत्ता तिसरी, यांनी तयार केले' एवढं लिही आणि तसंच छाप. पोती मी माझ्या हातानं गाडीत चढवून देईन. एका अक्षरानं कमी चालणार नाही.

मनकर्णा


जानेफळ
ता. २९ डिसेंबर १९३४

निवृत्ती,

गीताबाईचं पत्र आलं, शेजारच्या मुलीकडून लिहवलेलं. तुझी नोकरी अजून हंगामी आहे, संक्रांतीपर्यंत सरकी आली तर कायम होणार आणि नाही आली तर फाल्गुनात सुटणार, असं तिनं कळवलं आहे. तू जेवत नाहीस म्हणे.

मला वाईट वाटलं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण तुझी नोकरी माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. एक ओळ लिहायची आहे. सोळा वर्षं शिकलास, तेवढी लिहिता येईल.

संक्रांतीपर्यंत वाट पाहते.

मनकर्णा


जानेफळ
ता. १६ जानेवारी १९३५

चि. निवृत्तीस,

परवा तू जेवल्याशिवाय गेलास. तुझं ताट वाढलेलं होतं. तिळाची पोळी तशीच राहिली, ती बैलांना घातली.

तू येणार म्हणून मी सकाळपासून रस्त्याकडे पाहत होते. शेगावहून मोटार धरून आलास, धुळीनं माखलेला होतास, पाय धुवायला पाणी दिलं तर तू आधी पिशवीतून कागद काढलास. मला वाटलं, नवा आहे. तो जुनाच होता. माझा अंगठा वाळून तपकिरी झालेला आणि खाली तू नवी ओळ वाढवलेली, दोन पोती सरकी राजीखुशीनं दिली म्हणून. शेजारी दुसऱ्या अंगठ्याची जागा सोडलेली. शाईची डबीही आणली होतीस.

मी विचारलं, "माहं नाव कुठी हाय?"

तू म्हणालास, "बाई, सायब नाही मानत. तिसरी पास बाईचं नाव छापलं त लोक मंडळीले हसतीन. बियान्याच्या मागं पदवी पायजे."

"मंग पदवीनं पिकव."

"तुले समजत काऊन नाही? तू मले बुडवून राह्यली!"

तू ओरडलास तेव्हा दाजी ओसरीवरून उठून आले. मला वाटलं, तेही म्हणतील, भाऊ आहे, देऊन टाक. आदल्या दिवसापर्यंत तसंच म्हणत होते. पण ते तुला म्हणाले, "हे पाह्य, वावर माहं हाय, पन बी तिचं हाय. सात वर्सं तेच वाकली. मी काऊन मधात बोलू?" आणि परत जाऊन बसले. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तो माणूस माझ्या बाजूनं एवढं लांब पहिल्यांदाच बोलला.

त्यानंतर हळदीकुंकवाच्या बाया यायला लागल्या आणि तू खांबाला टेकून उभा राहिलास. मी वाणासाठी मेहकरहून लाकडी फण्या आणवून ठेवल्या होत्या. कोनाड्यात तशाच आहेत. पहिल्या बाईला कुंकू लावलं, ओटीत तीळगूळ घातला आणि मग काय झालं कोण जाणे, मी आत गेले आणि पोत्याचं तोंड सोडलं. ठरवलं नव्हतं. खोटं कशाला लिहू? तू नवा कागद आणला असतास तर त्याच संध्याकाळी पोती गाडीत चढली असती.

दोन शेर सरकी मोजून मी तिच्या ओटीत घातली. पदराच्या तांबड्या काठाची एक चिंधी फाडून वर ठेवली. म्हटलं, "हे औंदाचं वान. नाल्याकाठी पेर. जे मरन त्याले मरू दे. जे उभं राहीन त्याले हे चिंधी बांध, अन् त्याची सरकी जिनात नेऊ नको." वाण लुटायचं असतं, तसं लुटलं. बेचाळीस बायांनी नेलं. तू तेव्हा दोनदा "बाई" म्हणून हाक मारलीस. मला ऐकू आली होती. मी मागे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हात थांबला असता.

तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. गनी पिंजाऱ्याची नजमुन्निसा दारात उभी होती. तिला कुंकू नाही लावत, पण तीळगूळ ती दरवर्षी नेते. मी तिच्याही ओढणीत दोन शेर घातले. ती म्हणाली, "मनकर्णाबाई, आमाले वावर कुठी हाय?" मी म्हटलं, असू दे. तिनं ओढणीची गाठ मारली आणि म्हणाली, "माह्या भावाले देईन. त्याची पऱ्हाटी बी मेली होती." तिथे मात्र मला उभं राहवलं नाही. चुलीपुढे जाऊन बसले.

पोती रिकामी झाली. मी स्वतःसाठी दोन शेर ठेवले, जितके बाकीच्यांना दिले तितकेच. माझं घर धरून आता ही सरकी चव्वेचाळीस घरांत आहे. तुमच्या मंडळीनं तिला निवृत्ती नंबर एक म्हणो की नंबर शंभर, पुढच्या भाद्रपदात गावातली कोणतीही बाई बांधावर उभी राहून सांगेल ती कुठून आली. तिच्याकडून अंगठा घ्यायला तुझे साहेब किती डब्या शाई आणणार?

तू बुडशील असं तू म्हणालास. मी तसं मानत नाही. जो शिकलेला माणूस वावरात जाऊन सुकलेलं झाड चिरून पाहायला लागेल, त्याला कोणीही ठेवून घेईल. नाही ठेवलं तर सोनाळ्याला आपलं वावर आहे, तुझे हात आहेत आणि तुझ्या सोळा वर्षांचं शिक्षण कोणी काढून घेत नाही. मी तुझ्या शिक्षणावर रागावलेले नाही. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की त्याच्यावाचून माझं अडलं नाही. आणि मला निरक्षर लिहिल्यावाचून तुझं का अडलं, ते मला अजून कळत नाही.

सोबतची पुरचुंडी गीताबाईसाठी आहे. पोतं सोडलं तेव्हाच तिच्या वाट्याचे दोन शेर बाजूला काढले होते, चिंधीसकट. सवाष्णीला दिलेलं वाण परत पाठवत नाहीत, तेव्हा तूही पाठवू नकोस. मंडळीसाठी हवं असेल तर तिच्याकडून मूठभर मागून घे आणि पेर. नोकरी वाचवण्याइतकं पीक व्हायला पाच-सहा वर्षं लागतील. मला सात लागली, पण मी तिसरीपर्यंतच शिकले.

रागाच्या भरात तू तो कागद ओसरीवरच विसरलास. दाजी म्हणाले, चुलीत घाल. मी चुलीजवळ नेलाही होता. मग वाटलं, त्याच राखेत तुला अक्षर शिकवलं, तिच्यात हा कशाला जाळू? कागद सोबत पाठवते आहे. निरक्षर हा शब्द मी खोडलेला नाही. तो तुझ्या अक्षरात आहे, तुझाच राहू दे. दुसऱ्या अंगठ्याची जागा तू सोडली होतीस, तिथे मी लेखणीनं सही केली आहे, पूर्ण नावानिशी, सोनाळ्याच्या शाळेत काढायचे तशा गोल अक्षरात. शेजारीशेजारी अंगठाही माझा आणि सहीही माझी.

आता हा कागद साहेबांपुढे ठेवायचा असेल तर खुशाल ठेव.

मनकर्णा उकंडराव
इयत्ता तिसरी